दिवस कुणी मोजले

नाही हो, ती ओरडतेय ती आमची नाही — ती यावलकडची कोणी आहे, कालपासून आहे म्हणे — आमची आत, खिडकीजवळच्या खाटेवर, अजून तोंडातून शब्द नाही तिच्या. सकाळी सलाइन लावलं, त्यात कळांचं औषध सोडलंय, थेंब थेंब जातंय. घाई काय होती म्हणता? घाई नाही हो अक्का, दिवस उलटून गेलेत तिचे, वर आठवडा झाला, आणि आज अखाजी आहे ना, अक्षय तृतीया — साडेतीन मुहूर्तांतला दिवस, आज काय पंचांग उघडायची गरज नाही. आज ना उद्या होणारच आहे, मग आजच का नको? मीच विचारलं डॉक्टरसाहेबांना. ते म्हणाले, हरकत नाही, सकाळी आणा, उपाशी आणा, संध्याकाळपर्यंत मोकळी होईल. कोणी म्हणेल सासूला हौस — आहे हौस, का नसावी? पहिलं नातवंड. मुलगा होवो, मुलगी होवो, मी काही तसली सासू नाही, पण अखाजीला जन्मलेलं लेकरू म्हणजे त्याला आयुष्यात काही कमी पडत नाही. सरका जरा इकडे, ऊन आलंय तुमच्या पायावर. हे जळगावचं ऊन म्हणजे नको रे बाबा.

आम्ही वरणगावचे. म्हणजे मूळचे एरंडोलकडचे, पण आमचे हे फॅक्टरीत लागले तेव्हापासून क्वार्टरमध्येच — तिथं कोणालाही विचारा, धुरपदाबाई कोणती म्हणून, घर दाखवतील. मुलगाही तिथंच लागला, रुपचंद, मघाशी इथून गेला ना घाम पुसत, तोच — सही केली आणि स्टँडकडे चहा प्यायला गेला, त्याला हे आवाज ऐकवत नाहीत. सून प्रमिला, धुळ्याच्या पलीकडची. आता तुम्ही म्हणाल, पहिलं बाळंतपण माहेरी असतं. ते मला कळत नाही का? पण तिला आई नाही हो. ती लहान असतानाच गेली. वडील आहेत, जीवराम आबा, भला माणूस, पण घरात बाई नाही, मग काढे-मालिश कोण करणार? ते आले होते, अखाजीला नेतो म्हणाले, लिंबाला झोका बांधून ठेवलाय म्हणाले. मी म्हटलं, आबा, भरल्या दिवसांच्या बाईला झोक्यावर बसवता का? चहा घेतला आणि परत गेले. ती रडली जरा चुलीपाशी बसून. रडतातच पोरी. मी म्हटलं, अगं, तुझी आई मीच.

आणि तशी वागतेही, खोटं नाही सांगत. तिला काय हवं-नको ते तिच्या आधी मला कळतं. डॉक्टरसाहेबांनी विचारलं, झोप लागते का — मी सांगितलं, लागते. पाय सुजतात का — मी सांगितलं, नाही. ती मान खाली घालून, पदर कपाळापर्यंत — परक्या पुरुषासमोर काय बोलणार ती? साहेबांनाही ते बरं पडतं, काम पटापट होतं, बाहेर बायांची ही रांग. मग त्यांनी विचारलं, शेवटची पाळी कधी आली होती? आता हे तर मलाच विचारायला हवं, नाही का? आमच्यात अजून पाळतात. क्वार्टर झालं म्हणून काय झालं, मागच्या पडवीत चटई वेगळी, तांब्या वेगळा, चुलीला शिवायचं नाही. घरात कोण कधी बाहेर बसली हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? आषाढी एकादशीला बसली होती बाहेर, मी स्वतः तिला भगर वाढली वरून. पुढच्या महिन्यात नाही बसली. झालं की. साहेबांकडे ती गोल चकती असते ना तारखांची, ती फिरवली आणि म्हणाले, बरोबर आहे, दिवस उलटले.

पोट थोडं लहान वाटतं, असं म्हणाले मात्र. हात फिरवून बघितला आणि माझ्याकडे बघून विचारलं, तारीख पक्की ना? मी म्हटलं, साहेब, पक्की म्हणजे पक्की. मग म्हणाले, बाळाची वाढ कमी दिसते, मग तर आत ठेवण्यापेक्षा बाहेर आलेलं बरं. ते नवीन यंत्र आलंय ना, पोटातलं दाखवतं ते, सोनोग्राफी — मी विचारलं, ते करायचं का? ते म्हणाले, तारीख पक्की असेल तर कशाला उगीच. बरोबरच आहे त्यांचं. — तिला? तिला काय सांगायचं असतं? साहेबांनी सांगितलं सगळं, म्हणजे माझ्याकडे बघून सांगितलं, पण ती तिथंच होती ना खुर्चीवर, कान तर होते तिला. तिनं एक विचारलं खरं, एवढ्याशा आवाजात — नाही लावलं तर नाही का चालणार? सिस्टर हसली. साहेबांनी ऐकलं नसेल, ते पुढच्या बाईचा केसपेपर बघत होते. मीच सांगितलं तिला, घाबरू नकोस, आता सगळ्यांनाच लावतात. आणि मान हलवली तिनं. हलवली म्हणजे हो म्हणालीच ना?

माझंच चाललंय केव्हाचं. तुमचं कोण आहे आत? — लेक. काय झालं तिला? — मुलगा! मग चेहरा असा का हो, पेढे कुठे — काचेच्या पेटीत? अगं माय. का? — आधीच आला. दिवस भरायच्या आत. आपोआप कळा आल्या? — अस्सं. श्वास लागतो? — आणि दूधही ओढत नाही. बोंडल्यानं? — तेही नाही. अरे देवा. मी आपली मघापासून अखाजी-अखाजी करतेय आणि तुम्ही ऐकून घेताय मुकाट्यानं. माफ करा हो अक्का. होईल, होईल नीट, मुलगे चिवट असतात — नाही, मुली चिवट असतात म्हणतात, पण तुमचाही होईल नीट. आमचं तसं नाही, आमचं दिवस उलटून गेलेलं, पिकलेलं लेकरू, त्याला पेटी कशाला लागते? कानबाईचं नाव घ्या. आमच्या घराला पावली तशी तुमच्याही पावेल.

तुमच्यात नाही बसवत? — हां, तुम्ही मलकापूरकडच्या. आमच्या खानदेशात कानबाई म्हणजे सगळ्यात मोठी. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, सगळी भावकी मूळ गावी जमते, नोकरीला सुरतेला असला तरी माणूस येतो. नारळालाच नथ घालायची, डोळे लावायचे, वस्त्र नेसवायचं, चौरंगावर बसवायची, रात्रभर जागवायची आणि सकाळी नदीवर बोळवायची. आणि रोट. घरातल्या गडीमाणसांच्या नावानं गहू मोजून घ्यायचे, घरीच दळायचे, त्याच्याच पुरणपोळ्या, त्याचीच खीर — तो रोट बाहेरच्याला द्यायचा नाही, भावकीतच बसून संपवायचा. फार कडक असतं हो. त्या गव्हाला, त्या पिठाला बाहेर बसलेली बाई शिवली तर — नाही, तसं होतच नाही. होऊच देत नाही आम्ही. एखादीचे दिवस जवळ आलेले असले तर तिला गावी आणतच नाहीत.

आणि मला गेल्या वर्षी तीच धाकधूक होती. एकादशीला बसलेली, म्हणजे नेमकी कानबाईवर येणार. पण लग्नानंतरची तिची पहिली कानबाई, नवी सून घरी ठेवून कशी जाणार? लोक काय म्हणतील? आदल्या दिवशी सकाळी ओट्यावर गहू निवडत होतो, सगळ्या जावा, पुतण्यांच्या बायका, आल्यागेल्या शेजारणी — मी तिथूनच हाक मारली, काय गं प्रमिला, आली का तुझी? ती दारात उभी, हातात सूप. मान हलवली, नाही म्हणून. मी म्हटलं, नक्की? पुन्हा हलवली. आणि आमच्या थोरल्या जाऊबाई, कमलबाई, त्यांनी सूप खाली टाकलं आणि ओरडल्या, अगं म्हणजे दिवस राहिले हिला! कानबाई पावली गं! मग काय विचारता. सगळ्यांनी मिळून तिला मधे बसवली. मी तर वेडीच झाले होते आनंदानं. रोटाचं पहिलं पीठ मी तिच्या हातानं मळवलं. संध्याकाळी कानबाईसमोर ओटी भरली तिची. ती रडायला लागली, हुंदके देऊन. मला वाटलं, आई नाही पोरीला, आठवण आली असेल.

रात्री सगळ्या बाया फुगड्या खेळल्या, ही उठली नाही. भिंतीला टेकून बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. मी म्हटलं, बरोबर आहे, आता जपायलाच हवं. सकाळी अंजनी नदीवर कानबाई बोळवायला गेलो, तर ही लुगड्यासकट पाण्यात शिरली, थेट कमरेपर्यंत, कोणी सांगितलं नव्हतं. श्रावणातलं गढूळ पाणी, ओढ केवढी. कमलबाई म्हणाल्या, बघा, केवढी भक्ती आहे. मीही म्हटलं, हो, भक्ती. — काय म्हणालात? नाही, तुम्ही काही नाही म्हणालात. मीच थांबले.

त्या दिवशी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली आणि आज सकाळी खाटेवर अगदी तशीच बसलेली, म्हणून आठवलं. तुम्हाला सांगते, कोणाला बोलू नका — सिस्टर बाटली आणायला गेली होती, खोलीत आम्ही दोघीच, आणि तिनं एकदम माझं मनगट धरलं. कधी अशी शिवत नाही ती मला. घाबरली की तिच्या तोंडी घरची बोली येते, सासूला तिकडे आत्याच म्हणतात. म्हणाली, "आत्या, मना दिन भरेल नहीत." मी म्हटलं, काय बोलतेस? तर म्हणाली, "कानबाईनी येळले मी खोटं बोलनू." एवढंच. पुढं काही नाही. मी हात सोडवून घेतला. चूप बस म्हटलं. रागानं नाही हो — म्हणजे रागानंच म्हटलं. सिस्टर आली, सुई टोचली, आणि ती सुईकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती.

कळांच्या भीतीनं बोलतात पोरी काहीही. बोलतात ना? कोणी म्हणते मला घरी न्या, कोणी म्हणते मला मरू द्या, मी स्वतः रुपचंदच्या वेळी सुईणीला चावले होते. तुमची लेक नाही का काही बोलली? — तसलं नाही बोलली. ठीक आहे, एकेकीचा स्वभाव. पण भीतीनं बोलायचं तर दुखतं म्हणेल, नको म्हणेल, कानबाईचं नाव कशाला घेईल? एवढं मोठं खोटं, आणि तेही स्वतःच्याच अंगावर घेणारं, भीतीनं बोलतं का हो कोणी? नाही, तुम्ही सांगू नका. मला माहीत आहे तुम्ही काय सांगाल.

सांगू म्हणता डॉक्टरांना. काय सांगू? की माझ्या सुनेनं कानबाईचा रोट विटाळात मळला आणि अख्ख्या भावकीनं तो बसून खाल्ला? इथं कमलबाईंची भाची आया म्हणून कामाला आहे, ती काय, फरशी पुसतेय ती — संध्याकाळपर्यंत गावात पोचेल. कानबाईनंतर दिवाळीत आमच्या दिरांचा पाय मोडला, तेव्हापासून गावात ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच, यंदा कानबाईचं काय चुकलं? सापडेल त्यांना काय चुकलं ते. जन्मभर तिच्या हातचं पाणी पिणार नाहीत. पोर आजारी पडलं तरी तिच्यामुळे, पाऊस नाही पडला तरी तिच्यामुळे. मी गप्प बसलेय ते तिच्यासाठीच बसलेय. — नाही. तिच्यासाठी नाही फक्त. पीठ मी मळवलं तिच्याकडून. ओटी मी भरली. वरणगावला परतल्यावर अख्ख्या लाइनीत साखर मी वाटली. माझीच मान खाली जाईल हो, कमलबाईंसमोर, सगळ्यांसमोर, आणि ते मला सोसवणार नाही म्हणून बसलेय इथं पंखा घेऊन.

ओट्यावर, सगळ्यांच्या देखत विचारलं मी तिला. हातात सूप घेऊन नवी नवरी दारात उभी, पुढ्यात देवीचे गहू, आणि बारा तोंडं तिच्याकडे बघताहेत — काय म्हणायला हवं होतं तिनं? हो, आली? तुम्ही म्हणाला असता? मी नसते म्हणाले. आत नेऊन एकटीला विचारलं असतं तर सांगितलं असतं तिनं, नाही का? पण कोण विचारतं असं एकटीला? मला कधी कोणी विचारलं होतं? सासू बोलायची, सुईण ऐकायची, मी आपली छताकडे बघायची. मला वाटायचं, हेच असतं. आणि एकदा तोंडातून नाही गेलं की मग पुढे काय करणार पोर? पुढच्या महिन्यात खरंच दिवस राहिले असतील तिला. तिला वाटलं असेल, सुटले, आता कोणाला कळायचं नाही. तिला काय माहीत, मी तीच तारीख डॉक्टरला देईन, आणि तिच्या देखत देईन, छातीवर हात ठेवून. आणि ती खुर्चीवर बसून ऐकत होती. आणि विचारलंही तिनं, नाही लावलं तर नाही का चालणार?

तुमचा नातू — हात केवढा आहे हो त्याचा? — अंगठ्याएवढा. आणि नखं? — आलीत. आलीत ना, मग चांगलं आहे. रडतो का? — मांजराच्या पिलासारखं. एवढाच आवाज. आमचं एवढं लहान नसेल. आमचं म्हणजे नववा लागलेला असेल नुकता — म्हणजे ती म्हणते ते खरं असेल तर. पोट लहान वाटतं म्हणाले होते साहेब. वाढ कमी आहे म्हणाले. वाढ कमी नव्हतीच हो, त्याची वेळच झाली नव्हती. तुमच्या लेकीच्या कळा आपोआप आल्या, त्याला कोणाचा इलाज नाही. इथं तर मी बोलावून आणतेय त्याला. अखाजी म्हणून. माझी हौस म्हणून. ते औषध बंद केलं की थांबतं का हो? — तुम्हाला नाही माहीत. मलाही नाही माहीत. साहेबांना विचारलंच नाही मी, थांबवायचं झालं तर काय म्हणून. एवढं बोलले मी त्या खोलीत आणि हे एक विचारलं नाही.

ऐका. आता आमचीच आहे ती. कण्हतेय. ओरडायची नाही ती, मी आहे ना बाहेर.

कुठं उठलात? बसा. अक्का, बसा म्हणते ना, तुम्ही आत जाऊन काय सांगणार, तुमचं काय नातं तिच्याशी? माझी सून आहे ती. नाही, मी रागावले नाही तुमच्यावर. ही पिशवी धरा जरा — लंगोट आहेत, मऊ लुगड्याचे शिवलेत, राहू द्या तुमच्या मांडीवर, नाहीतर त्यातले दोन तुमच्या नातवाला न्या, आमचं लेकरू थांबलं तर मी दुसरे शिवेन. आणि तुम्ही आता जा तुमच्या लेकीकडे, इथं बसून माझं ऐकत राहू नका.

अहो सिस्टर! सिस्टर, थेंब वाढवू नका. थांबा. ते बंद करा आधी. साहेब कुठे आहेत? — जेवताहेत तर जेवू द्या, मग बोलवा, पण हे आत्ता बंद करा. तुम्हाला बंद करता येत नसेल तर उठवा त्यांना पानावरून. — मला काही झालं नाही, मी ठीक आहे. तारीख चुकली आहे. मी दिली ती. — आता खरी कोणती ते मी कसं सांगू? मी नाही सांगणार, खूप सांगितलं मी. रुपचंदलाही नका विचारू, त्याला काय ठाऊक. दार लावून घ्या, त्या फरशीवाल्या बाईला आत येऊ देऊ नका, मलाही येऊ देऊ नका, मी इथं बाहेर थांबते. तिच्याजवळ बसा आणि तिला विचारा. सावकाश विचारा. लगेच नाही बोलायची ती, सवय नाही तिला. — प्रमिला! प्रमिला, बेटा, मी बाहेरच थांबस, मजार नही येत. सांग त्यास्ले. सगळं, बठ्ठं सांग.